पिंपरीच्या मातीतले औषध

१९५५ साली लंडनहून निघणाऱ्या 'नेचर' साप्ताहिकात मातीतल्या एका जिवाणूची नोंद छापून आली. जिवाणू इतका वेगळा होता की त्याला आधीच्या कुठल्याच प्रजातीत बसवता येईना, म्हणून नोंद करणाऱ्याने त्याच्यासाठी प्रजातीच नवी उभी केली आणि तिला नाव दिले 'चेनिया'. पेनिसिलिनच्या कामाबद्दल फ्लेमिंग आणि फ्लोरी यांच्यासोबत १९४५ चे नोबेल मिळवणारे अर्न्स्ट चेन यांच्या गौरवार्थ हे नाव होते. नोंद करणारे होते एम. जे. तिरुमलाचार. त्यांची प्रयोगशाळा ऑक्सफर्डला नव्हती, रोमलाही नव्हती. ती होती पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या आवारात. त्या कारखान्यातून पेनिसिलिनच्या कुप्या बाहेर पडायला तेव्हा नुकती कुठे सुरुवात झाली होती.

आज पिंपरी-चिंचवड म्हटले की मोटारी, स्कूटर आणि सुटे भाग डोळ्यांपुढे येतात. या नगरीच्या औद्योगिक इतिहासात पहिला मोठा कारखाना औषधाचा होता, हे तिथे राहणाऱ्या अनेकांनाही माहीत नसते. त्याच कारखान्याच्या एका कोपऱ्यात काही माणसे मातीचे नमुने काचेच्या बशांत पसरून त्यातून नवी औषधे शोधत होती, आणि त्यांना ती सापडलीही, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असते.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या आणि लोहमार्गाच्या कडेचे गाव. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती शेजारी उभी राहिलेली. गावाजवळून मावळातून येणारी पवना वाहते. ती पुढे दापोडीपाशी मुळशीच्या डोंगरांतून उतरलेल्या मुळेला मिळते. या माळावर औषधाचा कारखाना काढायचे ठरले त्यामागे एक जुनी खंत होती. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिनने सैनिकांचे प्राण वाचवले, पण भारतात ते यायचे ते परदेशातून, मोजके आणि महाग. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखी हे गृहस्थ औषधनिर्मिती सरकारने हाती घ्यावी असा आग्रह सतत धरत आले होते. (कथकला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढणाऱ्या मॅडम मेनका या त्यांच्या पत्नी. एकाच घरात एवढी दोन वेगळी वेडे नांदत होती.) युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञानाचे साहाय्य दिले. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ पासून उत्पादन सुरू झाले. सार्वजनिक क्षेत्रातली देशातली ही पहिली औषध कंपनी. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र तिचे नाव 'पेनिसिलिन फॅक्टरी' असेच राहिले, किंवा नुसते 'एच.ए.'.

कारखान्याला संशोधन विभाग कशाला हवा, असा प्रश्न त्या काळात कोणी विचारला नसता. तो काळच तसा होता. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळवले. क्षयरोगावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक. श्रेय कोणाचे यावरून गुरुशिष्यांत पुढे कोर्टकचेरी झाली आणि १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समनना मिळाले, पण तो वेगळा विषय. आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे एवढेच की जगभरच्या औषध कंपन्यांचे डोळे स्ट्रेप्टोमायसिन मिळाल्यापासून जमिनीकडे लागले. व्हेनेझुएलाच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल आले, अमेरिकेत मिझुरीच्या एका शेतातून ऑरिओमायसिन, फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून एरिथ्रोमायसिन, बोर्निओच्या जंगलातून व्हँकोमायसिन. कंपन्या मिशनऱ्यांना, वैमानिकांना, प्रवाशांना मातीच्या पुड्या पाठवायला सांगत. इलोइलोची माती पाठवणाऱ्या डॉक्टरला त्या औषधाच्या कमाईतले काही मिळाले नाही, हेही त्याच काळातले सत्य.

हे सगळे जिवाणू बहुतेक एकाच गोतावळ्यातले: अॅक्टिनोमायसीट. दिसायला बुरशीसारखे, धाग्याधाग्यांनी वाढणारे, काचेच्या बशीत खडूची भुकटी उधळावी तशा कोरड्या वसाहती करणारे. पण जातीने जिवाणूच. त्यांच्यातले सर्वांत प्रसिद्ध घराणे स्ट्रेप्टोमायसीज. पहिल्या वळवाच्या सरीनंतर जमिनीतून उठणारा जो वास आपल्याला हवाहवासा वाटतो, तो ज्या जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे येतो ते प्रामुख्याने हेच जिवाणू तयार करतात. मातीत अन्न थोडे आणि खाणारे फार. तिथे एक जीव दुसऱ्याची वाढ रोखणारी रसायने सोडतो, आणि माणसाने औषध म्हणून उचलली ती हीच रसायने. निसर्गात त्यांचा उपयोग नेमका हाच असतो की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांचे अजूनही एकमत नाही.

तिरुमलाचार मूळचे म्हैसूरकडचे. जन्म १९१४ चा. पिंपरीत येण्याआधीच बुरशींचे वर्गीकरण करणारे शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झालेले होते. पिकांवर तांबेरा पाडणाऱ्या आणि कणसे काळी करणाऱ्या बुरशींवर त्यांनी बी. बी. मुंडकूर यांच्यासोबत ग्रंथ लिहिले होते. म्हणजे हा माणूस औषधशास्त्राचा नव्हे, वनस्पतिरोगांचा. भिंगाखाली तासन् तास बसायचे, धाग्याला गाठ कुठे पडते, बीजाणूंची माळ सरळ आहे की वेटोळी हे टिपायचे आणि मग ठरवायचे की समोरचा जीव ओळखीचा की अनोळखी, ही त्यांची सवय. औषध कारखान्याने अशा माणसाला संशोधनाची सूत्रे द्यावीत ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रसायनशास्त्रज्ञाला बशीत रसायन दिसते. वर्गीकरण करणाऱ्याला आधी जीव दिसतो, आणि नवा जीव म्हणजे नव्या रसायनाची शक्यता. 'चेनिया' प्रजाती त्यांच्या नजरेस पडली ती अशीच. स्ट्रेप्टोमायसीजसारखा दिसणारा हा जिवाणू धाग्यांचे घट्ट गोळे करतो, जसे काही बुरशी करतात, हे त्यांनी पाहिले. पुढे १९८६ मध्ये जैवरासायनिक पुराव्यांच्या आधारे ही प्रजाती मोडीत काढून तिच्या जाती स्ट्रेप्टोमायसीजमध्ये घालण्यात आल्या. वर्गीकरणात असे चालायचेच. पण त्यांनी १९६० मध्ये वर्णिलेली एक जात त्या बदलानंतरही आपले गाव धरून राहिली: आज तिचे नाव स्ट्रेप्टोमायसीज पुनेन्सिस म्हणजे पुण्याची, असे आहे.

मातीतून औषध शोधण्याचे काम ऐकायला अद्भुत आणि करायला कमालीचे कंटाळवाणे. त्या काळी जगभर ते थोड्याफार फरकाने एकाच रीतीने चाले. वरचा पालापाचोळा दूर करून चार-सहा इंच खालची माती घ्यायची, पुडीवर जागा आणि तारीख लिहायची. प्रयोगशाळेत ती सावलीत सुकवायची, म्हणजे ओलाव्यावर जगणारे जिवाणू मरतात आणि कोरडे बीजाणू धरून बसलेले अॅक्टिनोमायसीट टिकतात. चिमूटभर माती निर्जंतुक पाण्यात ढवळायची. ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत न्यायचे, कारण ग्रॅमभर मातीत जिवाणूंची संख्या कोटींच्या घरात असते आणि तशीच ती बशीत ओतली तर एकमेकांवर चढलेल्या गर्दीतून काहीच वेगळे काढता येत नाही. मग अगरच्या बशीवर पसरून आठवडा-दोन आठवडे वाट पाहायची. खडूसारखी वसाहत दिसली की सुईच्या टोकाने उचलून वेगळी लावायची. असे शेकडो जिवाणू वेगळे झाले की प्रत्येकाची परीक्षा: बशीच्या मधोमध त्याची एक रेघ ओढायची आणि तिला काटकोनात रोगजंतूंच्या, बुरशींच्या रेघा. रेघेजवळ आल्यावर एखादी बुरशी वाढायची थांबली, मध्ये स्वच्छ मोकळी पट्टी राहिली, की समजायचे, इथे काहीतरी आहे.

बहुतेक वेळा त्या 'काहीतरी'चा शोध आधीच कोणीतरी लावलेला असतो. हीच या धंद्यातली खरी डोकेदुखी. पाचशे जिवाणू तपासले आणि पन्नास कामाचे निघाले, तरी त्यांतले बहुतेक जुनीच रसायने करणारे. म्हणून नव्याला ओळखण्याइतकेच जुन्याला लवकर ओळखून बाजूला काढणे महत्त्वाचे. इथे बुरशीनाशकांच्या एका गटाने काम थोडे सोपे करून ठेवले होते. पॉलिईन म्हणतात त्या रसायनांच्या रेणूत एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी असते. त्यामुळे ती अतिनील प्रकाश ठराविक तरंगलांबींवर शोषतात आणि आलेखावर शेजारी शेजारी तीन शिखरे उमटतात. शिखरांची जागा पाहून साखळीत दुहेरी बंध किती ते सांगता येते. सात असतील तर हेप्टाईन. रंग पिवळा.

पिंपरीच्या मातीतल्या ज्या स्ट्रेप्टोमायसीजने या प्रयोगशाळेचे नाव बाहेर नेले, त्याला तिरुमलाचारांनी जात म्हणून नाव दिले पिंप्रिना. त्याने बनवलेले पिवळे हेप्टाईन म्हणजे हॅमायसिन. नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले पहिले अक्षर 'हिंदुस्थान'चे आणि दुसरे 'अँटिबायोटिक्स'चे. १९६१ मध्ये कंपनीच्याच 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' या नियतकालिकात तिरुमलाचार, मेनन आणि भट्ट यांनी हा शोध जाहीर केला. असे नाव ठेवण्याची रीत नवी नव्हती. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींना १९५० मध्ये व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीतून पहिले उपयुक्त पॉलिईन मिळाले तेव्हा त्यांनीही त्याला आपल्या न्यूयॉर्क स्टेटवरून निस्टॅटिन म्हटले होते.

बुरशीवर औषध सापडणे जिवाणूवर औषध सापडण्याहून अवघड असते, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या बरीच जवळची. जिवाणूचे जे जे भाग आपल्यात नसतात त्यांवर घाव घालता येतो. बुरशीच्या बाबतीत असे भाग थोडे. पॉलिईन रसायनांनी नेमका एक फरक पकडला. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते आणि आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. पॉलिईनला ओढ एर्गोस्टेरॉलची जास्त. ते त्याला जाऊन चिकटते आणि पटल पाझरू लागते. तडा गेलेल्या माठासारखी बुरशीची पेशी आतला ऐवज राखू शकत नाही. पण ओढ जास्त म्हणजे केवळ त्याचीच नव्हे. कोलेस्टेरॉललाही ते थोडेफार धरते, आणि पॉलिईन औषधांचे बरेचसे दुष्परिणाम त्या थोड्याफारातून येतात.

हॅमायसिन प्रयोगशाळेत दमदार निघाले. तोंड येणे, योनीमार्गाचा बुरशीचा विकार, कानात वाढणारी बुरशी अशा तक्रारींवर ते आपल्याकडे वापरले गेले. त्वचेवर, श्लेष्मल पडद्यावर लावायचे औषध म्हणून त्याने चांगले काम केले. मोठे आव्हान होते ते शरीराच्या आत पसरणाऱ्या बुरशींचे. तिथे तोवर भरवशाचे औषध एकच होते, अॅम्फोटेरिसिन बी, आणि ते शिरेतून द्यावे लागे, थंडी वाजून ताप भरे, मूत्रपिंडे बिघडत. तोंडाने घेता येईल असे काही मिळाले तर? या आशेने हॅमायसिन अमेरिकेपर्यंत पोचले. व्हर्जिनियातल्या रिचमंड इथे जॉन उट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात ते शरीरात खोलवर गेलेल्या बुरशीच्या रोग्यांना देऊन पाहिले. पिंपरीच्या मातीतले औषध अमेरिकन डॉक्टरांच्या चाचणीत गेले ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती.

अडचण मातीत नव्हती, पाण्यात होती. शुद्ध हॅमायसिन पाण्यात विरघळत नाही. न विरघळणारे औषध पोटातून रक्तात जाणार कसे? ते अतिसूक्ष्म दळून देण्याची तोडही काढून पाहिली गेली. काही रोग्यांना गुण आला. पण मळमळ, उलट्या यांनी हैराण झालेलेही होते, आणि रक्तातले प्रमाण भरवशाचे राहीना. उजेड आणि उष्णता लागली की पॉलिईन बिघडतात हे आणखी एक दुखणे. पुढच्या दशकांत तोंडाने घ्यायची, कारखान्यात जुळवलेली अॅझोल गटातली औषधे आली आणि आतल्या बुरशींसाठी हॅमायसिनची वाट बंद झाली. वर लावायचे औषध म्हणून ते उरले.

ते अगदी एकमेव होते असेही नव्हे. जपानच्या हाचिजो बेटावरच्या मातीतून १९५२ मध्ये होसोया यांनी त्रिकोमायसिन हे हेप्टाईन मिळवले होते आणि अमेरिकेत त्याच सुमारास कँडिसिडिन सापडले होते. हॅमायसिन या दोघांचे सख्खे भावंड. तिघांच्या रेणूत एक अॅरोमॅटिक वलय असलेला तुकडा असतो, जो अॅम्फोटेरिसिनमध्ये नाही. पुढे रचना तपासली तेव्हा नाते किती जवळचे ते कळले. आपल्याकडे हॅमायसिनचे कौतुक करताना ही बाब वगळली जाते. वगळायचे कारण नाही. हजारो मैलांवरच्या मातीत एकाच गोत्राची रसायने सापडावीत यात पिंपरीच्या कामाला कमीपणा नाही. उलट आपली चाळणी जगातल्या चांगल्या चाळण्यांइतकीच बारीक होती, याचा तो पुरावा.

त्या दशकात प्रयोगशाळा थांबत नव्हती. १९६२ मध्ये डर्मोस्टॅटिन आले, त्वचेच्या बुरशीवरचे. भाटे, हुल्याळकर ही मंडळी रसायनाच्या बाजूने शोध पुढे नेत होती. याच पिंप्रिनातून त्यांनी आणखी एक वेगळे रसायन काढले. १९६८ मध्ये आमांशाच्या अमीबावर चालणारे अँटिअमीबिन सापडले. ते जिवाणूचे नव्हे, बुरशीचे. पण तेही मातीतलेच, आणि ते देणाऱ्या बुरशींच्या नावांतही पुणे आणि पिंपरी आहेतच. औषध म्हणून त्याचे फारसे काही झाले नाही. पेशीपटलात विद्युतभारित कणांच्या वाटा कशा उघडतात हे अभ्यासणाऱ्यांना मात्र ते पुढे बरीच वर्षे पुरले. अरविंद पाध्ये हे याच प्रयोगशाळेतले. पुण्याच्या मातीत केस-नखांवर जगणाऱ्या, माणसाला नायटा देऊ शकणाऱ्या बुरशी कुठे कुठे आहेत याची त्यांनी तिरुमलाचारांसोबत पाहणी केली होती. पुढे ते अमेरिकेत अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात गेले आणि रोगकारक बुरशींचे जाणकार म्हणून जगभर ओळखले गेले.

माझ्या मते पिंपरीचे खरे यश हॅमायसिन नव्हे, ऑरिओफंगिन. १९६४ मध्ये तिरुमलाचार, रहाळकर, सुकापुरे आणि गोपालकृष्णन यांनी स्ट्रेप्टोव्हर्टिसिलियम गटातल्या एका जिवाणूपासून ते मिळवल्याचे जाहीर केले. तेही हेप्टाईनच. पण या वेळी रोगी माणूस नव्हता, झाड होते. पोटाच्या मळमळीचा प्रश्नच नाही! वनस्पतिरोगतज्ज्ञाच्या हाताखालच्या प्रयोगशाळेला शेत आठवावे यात नवल नव्हते. भातावरचा करपा, फळझाडांवरची भुरी, संत्रा-मोसंबीच्या खोडातून डिंक वाहायला लावणारा डिंक्या, यांवर ते वापरले जाऊ लागले. पाण्यात मिसळणारे रूप तयार करून ते 'ऑरिओफंगिन-सोल' नावाने विकले गेले. मुळशी-मावळच्या आंबेमोहोरवाल्याला करपा काय करतो हे सांगायला नको. भर पावसाळ्यात ढगाळ हवा आठवडाभर धरली की पानांवर ठिपके येतात आणि लोंबी मानेतच मोडते. त्यावर पंचवीस-तीस मैलांवरच्या प्रयोगशाळेतून, मातीतल्याच जिवाणूचे औषध मिळावे, याहून नेटका हिशेब कुठला?

शेतकऱ्याच्या घरात या कारखान्याचे नाव पोचले ते मात्र दुसऱ्याच पुडीतून. अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या सहकार्याने पिंपरीत १९६२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. देशभरच्या क्षयरोग्यांना ते हवेच होते. त्याच्या जोडीला थोडे टेट्रासायक्लिन घालून शेतीसाठी 'स्ट्रेप्टोसायक्लिन' निघाले. डाळिंबावर तेलकट डाग पडला, लिंबावर खैऱ्या आला, की दुकानदार हीच पुडी पुढे करतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. क्षयाच्या रोग्यासाठी राखून ठेवायचे औषध पंपाने बागेवर फवारले जावे, हे मला तेव्हाही पटण्याजोगे वाटले नसते. जिवाणू औषधाला सरावतात हे विज्ञानाला पहिल्यापासून माहीत होते. केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा काढला तो डिसेंबर २०२१ मध्ये. साठ वर्षे लागली.

तिरुमलाचारांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे ते अमेरिकेला गेले, कॅलिफोर्नियात त्यांनी स्वतःची छोटी संशोधन संस्था काढली, आणि १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते पिंपरी सोडून गेल्यावर तिथे पुन्हा तसे दशक आले नाही.

पुढचा अंक मुंबईत झाला. होएख्स्ट या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये मुलुंडला संशोधन केंद्र उभारले. तिथे देशभरातून मातीचे नमुने येत, यंत्रे नवी, पैसा भरपूर. हिमालयातल्या मातीतल्या एका जिवाणूने तिथे बाल्हिमायसिन दिले, आणि व्हँकोमायसिनच्या घराण्यातले हे औषध जिवाणू आपल्या पेशीत टप्प्याटप्प्याने कसे रचतो, हे जर्मन शास्त्रज्ञांनी पुढे त्याच्यावरच उलगडले. केंद्राच्या दाराशीच असलेल्या मुलुंडच्या मिठागरातल्या मातीत एक बॅसिलस सापडला. त्याने दिलेले मर्सासिडिन अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर चालते. जिवाणूची भिंत बांधण्याच्या विटा वाहून नेणाऱ्या लिपिड-२ या रेणूलाच ते धरून ठेवते, आणि तेही व्हँकोमायसिन धरते त्या जागेवर नव्हे, दुसऱ्याच. १९९२ च्या शोधनिबंधावर लाड, फणसळकर ही आपली आडनावे दिसतात. मर्सासिडिन आजवर दवाखान्यात पोचलेले नाही. होएख्स्टची जागतिक जुळवाजुळव सुरू झाली आणि १९९८ मध्ये मुलुंडचे केंद्र निकोलस पिरामलकडे गेले. काही वर्षांनी नव्या औषधांच्या शोधाचे ते कामही आवरते घेतले गेले.

इकडे पिंपरीचा कारखाना नव्वदच्या दशकात तोट्यात रुतला. उदारीकरणानंतर स्वस्त आयात पेनिसिलिन आले, आणि त्या भावाला पिंपरीतले पेनिसिलिन परवडेना. १९९७ मध्ये कंपनी आजारी उद्योग म्हणून औद्योगिक पुनर्रचना मंडळापुढे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची जास्तीची जमीन विकून देणी भागवायला मंजुरी दिली. कारखाना पूर्ण बंद झाला नाही, अजूनही औषधे बनवतो; पण मातीच्या पुड्या उघडून बसणारी प्रयोगशाळा हे त्याचे वैशिष्ट्य केव्हाच मागे पडले होते.

या सगळ्यातून निष्कर्ष काढायचा तर तो असा की शोधायला आपण कमी पडलो नाही. पिंपरीत सापडले, मुलुंडला सापडले. आपण कमी पडलो ते सापडलेले पुढे नेण्यात. हॅमायसिन विरघळवणारा रसायनशास्त्रज्ञ, त्याची वर्षानुवर्षे चाचणी घेणारे रुग्णालय, तोट्याची दहा वर्षे सोसणारा मालक, या तिघांपैकी एखादा तरी कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर नव्हता. अॅम्फोटेरिसिनसारखे विषारी औषधही अमेरिकेत टिकले आणि पुढे मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून सुधारले गेले. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसच्या साथीत त्याच अॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी पुण्यात रुग्णांचे नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते.

मातीचा साठा मात्र संपलेला नाही. मुळशीची माती म्हटली की आपल्याला धरण आठवते आणि १९२१ चा सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. जिवाणू शोधणाऱ्याला तीच माती वेगळी दिसते. ताम्हिणीला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. अंतर जेमतेम दोन तासांचे. तेवढ्या वाटेवर कड्यावरची जांभ्याची तांबडी माती, सदाहरित रानातला कुजका पालापाचोळा, भातखाचरातला गाळ आणि पठारावरची काळी जमीन असे सगळे चढउतार भेटतात, आणि प्रत्येक ठिकाणची जिवाणूंची वस्ती निराळी. पिंपरीकरांनी चाळलेली माती त्या मानाने ओंजळभर.

पुण्यात आजही हे काम सांभाळणाऱ्या जागा आहेत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. पाषाणच्या पुढे, मुळशी तालुक्याच्या शिवेवर, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राने २००९ मध्ये सूक्ष्मजीवांचा संग्रह सुरू केला. देशातल्या अनेक संस्थांनी निरनिराळ्या भागांतून जिवाणू वेगळे करायचे, पिरामलने त्यांची औषधासाठी परीक्षा करायची आणि सगळे जिवाणू पुण्यात जपायचे, अशी सरकारी जैवतंत्रज्ञान विभागाची योजना होती. परीक्षा घेणारा मधेच निघून गेला, जिवाणू राहिले. लाखाच्या वर आहेत.

जिवाणू थंडीत गोठवून जपता येतात. माणसांच्या हातचे काम कागदावर असते आणि कागद रद्दीत जातो. 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन' १९५८ पासून निघत होते. पिंपरीचे जवळजवळ सगळे शोध पहिल्यांदा त्यातच छापले गेले. पिंपरीच्या एच.ए. वसाहतीत ज्यांचे वडील, आजोबा, आत्या नोकरीला होते अशी शेकडो कुटुंबे आज पुण्यात आणि बाहेर आहेत. त्यांच्या माळ्यावर या बुलेटिनचे जुने अंक, प्रयोगशाळेच्या वह्या, सहकाऱ्यांसोबतचे फोटो असतील तर ते रद्दीवाल्याला देऊ नका. पुणे विद्यापीठाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि फोटोतल्या माणसांची नावे मागे लिहून द्या.